पुढचं गाणं कोण ठरवणार?

मागच्या उन्हाळ्यात यवतमाळहून नागपूरला एसटीने चाललो होतो. शेजारी मोठे काका. कळंब मागे पडलं तसा मी फोन काढला, एका ॲपवर ‘गीतरामायण’ लावलं आणि इअरफोनचा एक कान काकांना दिला. माझी योजना फुकटवाल्यांची, त्यामुळे क्रम निवडायची सोय नव्हती. ॲप मनाला येईल ते गाणं लावत होतं. आधी सीतेला वनात सोडलं. मग समुद्रावर सेतू बांधला. मग सिमेंटची जाहिरात आली. त्यानंतर अयोध्येत रामाचा जन्म झाला. काकांनी इअरफोन काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “हे रामायण सांगून कोण राह्यलं बे? त्याले गोष्ट माहीत तरी हाये का?”

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. त्याला गोष्ट माहीत नाही आणि माहीत असण्याची त्याला गरजही नाही. मी स्वतः त्याच धंद्यात आहे. गाण्यांच्या नाही, खरेदीच्या ॲपमध्ये. पण ‘तुम्हाला हेही आवडेल’ अशी पट्टी जिथे दिसते, त्यामागचा कोड लिहिणाऱ्यांपैकी मी एक. म्हणून हा लेख थोडा स्वतःच्या विरोधातही आहे.

आधी एक नेहमीचं रडगाणं बाजूला करू. ‘तुमच्या पिढीला धीर नाही, पंधरा सेकंदांचं रील बघून मेंदू नासला, अख्खा अल्बम ऐकणार कोण?’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून दिवाळी अंकापर्यंत सगळीकडे ऐकून झालंय. मला ते खोटं वाटतं. हीच पिढी दहा भागांची मालिका एका रात्रीत संपवते, दोन-दोन तासांचे पॉडकास्ट ऐकते. पुण्याच्या एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ २०२० साली आला, तेव्हा आमच्याकडची पोरं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ करून बसली होती. ‘सैराट’मध्ये चारच गाणी. जेमतेम वीस मिनिटं. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात डीजेवर भले ‘झिंगाट’ वाजलं असेल, पण चारही गाणी येत नाहीत असा माणूस मला भेटला नाही. धीर आहे. धीर कुठे खर्च करायचा हे ठरवण्याचं काम मात्र आपल्या हातून हळूच काढून घेतलं गेलंय.

दुसरं रडगाणं अल्बमभक्तांचं. ‘अल्बम हीच खरी कला, सुटं गाणं म्हणजे बाजार.’ हेही मला मान्य नाही. अल्बम हीसुद्धा बाजाराचीच चीज होती. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गाणं साडेतीन मिनिटांचं झालं. पुढे एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली, म्हणून आठ-दहा गाण्यांचा गठ्ठा करून विकता आला. त्या गठ्ठ्यात दोन चांगली आणि सहा भरतीची गाणी असायची हे कॅसेट विकत घेतलेल्या कुणालाही विचारा. आणि आपल्याकडे बहुतेकांनी गाणं सुटंच ऐकलं: रेडिओवर, लाउडस्पीकरवर, सिनेमाच्या मध्ये. एलपी घेऊन, पाय पसरून, कव्हरवरचा मजकूर वाचत ऐकणारी घरं यवतमाळात किती असतील? त्या हरवलेल्या सुखासाठी मी रडणार नाही, कारण ते सुख आमच्या घरात आलंच नव्हतं.

मग माझं भांडण कशासाठी?

भांडण क्रमासाठी आहे. कुणीतरी माणसाने विचार करून लावलेल्या क्रमासाठी.

‘गीतरामायण’च घ्या. ते मुळात अल्बम नव्हतंच. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिलं गाणं गेलं. त्यानंतर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी एप्रिल १९५६ पर्यंत चालली. गदिमा लिहीत होते, बाबूजी चाली लावत होते आणि महाराष्ट्र पुढच्या आठवड्याची वाट बघत होता. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर बसून गातात. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी त्याच मुलांना गायला पाठवतो. म्हणजे छप्पन्नावं गाणं संपलं की गोष्ट पहिल्या गाण्याच्या दारात येऊन उभी राहते. ही रचना क्रमाने ऐकली तरच कळते. शफलवर ती उरतच नाही; उरतात ५६ सुट्या फाइली.

आणि क्रमाने ऐकायची सवय आपल्याला एलपीने लावलेली नाही, ती त्याआधीची आहे. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. गणाआधी वग लावला तर प्रेक्षकच उठवतील. भजनात रूपाचा अभंग सुरुवातीला येतो, गौळण नंतर आणि भैरवी शेवटी. विलंबित आधी, द्रुत नंतर. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेचा क्रम आमच्या भागातल्या गावोगावच्या म्हाताऱ्यांना घड्याळासारखा पाठ असतो. एप्रिलमध्ये रात्रभर चालणारे भीमगीतांचे कार्यक्रम बघा: वंदना आधी होते, मग बाबासाहेबांच्या आयुष्याची गाणी, मग चिमटे, मग पुन्हा गंभीर. शाहीर समोरचे चेहरे वाचून पुढचं गाणं ठरवतो. लोक पेंगायला लागले तर ढोलकी चढवतो. पण ज्या गाण्यासाठी तो आलाय ते गाऊनच उतरतो, लोकांना त्या क्षणी ते नको असलं तरी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण मशीन नेमकं हेच करू शकत नाही.

मशीन काय करतं ते सांगतो. त्यात जादू काही नाही. तुम्ही काय ऐकलं, काय मध्येच सोडलं, कोणतं गाणं कुठल्या यादीत टाकलं, याची नोंद होते. तुमच्यासारख्या नोंदी असलेल्या लाखो लोकांनी आणखी काय ऐकलं ते बघितलं जातं. त्यावरून हजारो गाण्यांना गुण दिले जातात आणि ज्याला जास्त गुण, ते पुढे. स्पॉटिफायने २०१५ साली दर सोमवारी तीस गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली, ती साधारण याच तत्त्वावर. गाणं तीस सेकंद वाजलं की ‘ऐकलं’ असं धरलं जातं आणि पैशाचा हिशोब तिथून सुरू होतो.

आता विचार करा, या मोजपट्टीत कोण पास होईल? जे गाणं पहिल्या तीस सेकंदांत पकडतं ते. सावकाश उघडणारं गाणं, आलापाने सुरू होणारं गाणं, आधी दोन मिनिटं बोलणारा शाहीर, हे सगळे नापास. आणि ‘आवडलं’ म्हणून जी गोष्ट मोजली जाते ती खरं तर ‘सोडलं नाही’ एवढीच असते. भांडी घासताना हात ओले होते म्हणून सोडलं नाही, तरी ते आवडलंच. पहिल्यांदा अजिबात आवडलं नाही, पाचव्यांदा ऐकताना रस्त्यावर थांबून राहिलो, असं गाणं तुमच्याही आयुष्यात असेल. त्यासाठी कुठलंही बटण नाही. कारण पहिल्यांदा तुम्ही ते सोडलंत आणि मशीनने ते मनावर घेतलं. पाचवी वेळ येतच नाही.

आमच्या मीटिंगांमध्ये याला एक ठरलेलं उत्तर आहे: ‘आपण लोकांना तेच देतो जे त्यांना हवंय.’ मीही हे वाक्य बोललोय. आता बोलवत नाही. आपण लोकांना ते देतो जे मोजता आलं. जे मोजता आलं नाही ते त्यांना नकोच होतं, असं त्यातून सोयीने ठरवतो. आणि सगळंच आवडीवर चालतं असंही नाही. २०२० साली स्पॉटिफायने ‘डिस्कव्हरी मोड’ जाहीर केला. कलाकाराने किंवा कंपनीने त्या गाण्याचं मानधन कमी घ्यायला होकार दिला, तर शिफारशीत ते गाणं पुढे येण्याची शक्यता वाढते. नाव ‘शोध’, पण आहे तो जागेचा भाव. रस्त्यावरचं होर्डिंग निदान होर्डिंग दिसतं.

‘अरे, पण कोण अडवतंय? तुला पाहिजे तो अल्बम उघड आणि ऐक.’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण अर्धाच खरा आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात अडेल या ब्रिटिश गायिकेचा अल्बम आला. तोवर स्पॉटिफायवर अल्बमच्या पानावरचं मोठं बटण शफलचं होतं. तिने सांगितलं की आम्ही गाण्यांचा क्रम विचार करून लावतो, तो तसाच ऐकला जावा. बटण बदललं. यातून दोन गोष्टी कळतात. एक, शफल हा निसर्गनियम नव्हता; कुणीतरी घेतलेला निर्णय होता आणि तो बदलता येत होता. दोन, तो बदलायला अडेल असावं लागतं. गदिमा आणि बाबूजी आता सांगायला येणार नाहीत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच गेले. त्यांच्या गाण्यांचा क्रम कोण मागणार?

आता नवीन गाणी सापडण्याबद्दल.

मी शाळेत होतो तेव्हा, जिओ यायच्या बरीच वर्षं आधी, आमच्याकडे गाणं मेमरी कार्डातून यायचं. मोबाईल शॉपीत दोन जीबीचं कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपयांत दुकानदार भरून द्यायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डर असायचे: नवीन हिंदी, जुनी हिंदी, मराठी, भीमगीते, गोंडी, बंजारा लेंगी, डीजे, भक्ती. आमचा दुकानदार विचित्र होता. तुम्ही सांगितलेलं भरायचा आणि उरलेल्या जागेत स्वतःच्या मनाचा एक फोल्डर टाकायचा. विचारलं तर म्हणायचा, “ऐक तर खरं, नाही आवडलं तं डिलीट मार.” मी नववीत असताना त्याने असंच वामनदादांच्या गाण्यांचं फोल्डर टाकलं. आमच्या घरात ती गाणी कधी वाजली नव्हती. का वाजली नव्हती हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं आणि स्वतःच्या घराबद्दल काही गोष्टी कळल्या, ज्या कुठल्याही पुस्तकाने मला सांगितल्या नव्हत्या. आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर दर एप्रिलला जे घुमायचं, ते मी त्याआधी फक्त आवाज म्हणून ऐकत होतो.

आता हिशोब मांडा. माझ्या आधीच्या ऐकण्यावरून ती गाणी मला कुठल्या मशीनने सुचवली असती? कुठल्याच नाही. माझ्यासारखे म्हणजे माझ्याच जातीच्या, माझ्याच गल्लीच्या, माझ्याच वयाच्या पोरांसारखे. त्यांनीही ती ऐकली नव्हती. ‘तुमच्यासारख्यांनी काय ऐकलं’ या प्रश्नावर उभी असलेली यंत्रणा मला माझ्यासारख्यांच्या बाहेर कशी नेणार? ज्या भिंती गावात आहेत त्याच ती आकड्यांत पुन्हा बांधते. तिला जात ठाऊक नसते, आणि तरी ती नेमकी त्या रेषेवरून चालते.

त्या दुकानदाराला मी देव करणार नाही. ती सरळसरळ चोरी होती. त्या वीस रुपयांतला एक पैसाही गाणाऱ्याकडे किंवा लिहिणाऱ्याकडे गेला नाही. स्ट्रीमिंग आलं तेव्हा निदान हे सुधारेल असं वाटलं होतं. पण २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. शिवाय कॅसेटच्या कागदावर कवी, संगीतकार, गायक अशी नावं ओळीने छापलेली असायची. आता गायकाचं नाव तेवढं दिसतं आणि कवी शोधायला तीन ठिपक्यांच्या मागे जावं लागतं. बरेचदा तिथेही तो नसतो. ज्या परंपरेत ‘हे कोणी लिहिलं’ हा पहिला प्रश्न आहे, तिच्यासाठी ही साधी चूक नाही.

आणि आमचा जिल्हा या यंत्रणेत आहे कुठे? यवतमाळात बंजारा आहेत, गोंड आहेत, कोलाम आहेत. माझ्या फोनवरच्या ॲपात भाषा निवडायच्या यादीत भोजपुरी आहे, हरियाणवी आहे, राजस्थानी आहे. गोरबोली नाही, गोंडी नाही, कोलामी नाही. शोधलं तर लेंगी सापडते, नाही असं नाही. पण शोधायला ‘लेंगी’ हा शब्द आधी माहीत हवा. म्हणजे ज्याला माहीत आहे त्यालाच सापडणार आणि ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे ती आपणहून कधी येणार नाही. याला शोध म्हणत असतील तर हरवणं कशाला म्हणायचं?

वर आता या दुकानांचाही भरवसा नाही. २०२४ च्या सुरुवातीला रेसोने भारतातून गाशा गुंडाळला, त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद केलं. कॅसेटला बुरशी लागायला वीस वर्षं लागायची. इथे एका नोटिशीत लोकांची वर्षानुवर्षांची ऐकणी गेली. ती यादी तुमची कधी नव्हतीच, तुम्ही तिथे भाड्याने राहत होता.

मी ॲप सोडा म्हणत नाही. मीही सोडलेलं नाही. त्या सोमवारच्या यादीतून मला चांगली गाणी मिळालीत हेही कबूल करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढचं गाणं ठरवण्याचा हक्क पूर्णपणे देऊन टाकू नका. आठवड्यातून एकदा एक अख्खी चीज, तिच्या क्रमाने, मधलं नावडतं गाणं न सोडता ऐका. मग ती कुठलीही असो, ‘सैराट’ची चार गाणी किंवा ‘गीतरामायण’ची छप्पन्न. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणालातरी काहीतरी द्या. नुसती लिंक फेकू नका. ‘हे ऐक, पहिली पाच मिनिटं जड जातील, मग बोलू’ असं सांगून द्या. समोरच्याला आवडलं नाही तर तुमची थोडी फजिती होईल. ती फजिती व्हायची तयारी असणं हाच शिफारशीचा अर्थ आहे. मशीनची फजिती होत नाही, म्हणून तिच्या शिफारशीला वजन नाही.

यंदा होळीनंतर एका मित्राकडे दिग्रसजवळच्या तांड्यावर गेलो होतो. त्याच्या आईला पुष्कळ गाणी येतात: होळीची लेंगी, लग्नातली ढावलो. आम्ही दोघांनी फोनवर तिची अकरा गाणी रेकॉर्ड केली आणि मी लगेच माझ्या धंद्याप्रमाणे वागलो. सगळ्यात जोरकस लेंगी पहिली ठेवली, म्हणजे ऐकणारा टिकेल. मध्ये वळण म्हणून एक ढावलो टाकली. ती नवरीची रडण्याची गाणी असतात, सासरी जाताना म्हणायची. काकूंना क्रम ऐकवला. त्यांनी मान हलवली. “सुरुवात सेवालाल महाराजाच्या नावानं करा लागते,” म्हणाल्या. “अन् होळीत हे कुठून आणलं बाबा? होळीत कोणी रडते का?”

मी म्हटलं, काकू, पहिलं गाणं सावकाश असलं तर लोक पुढे ऐकत नाहीत.

“नाही ऐकत तं नाही ऐकत,” त्या म्हणाल्या. “ज्याले ऐका लागते तो बसते.”

मग त्यांनी अकराही गाणी बोटांवर मोजत लावून दिली. मी घरी येऊन फाइलींच्या नावांपुढे ०१ ते ११ असे आकडे टाकले, म्हणजे कुठल्याही फोनवर ती त्याच क्रमाने लागतील. गाणं कुणाचं, कुठलं, कधी म्हणतात, हे एका पानावर लिहून फोल्डरमध्ये ठेवलं. काकूंना विचारून ते फोल्डर दहा-बारा जणांना दिलं. त्यातल्या तिघांनी पूर्ण ऐकलं. मोठ्या काकांनी एसटीतच ऐकलं, यवतमाळ ते वर्धा. भाषा कळली नाही म्हणाले. मग विचारलं, “आठव्या नंबरले ती बाई एकदम हळू काहून झाली?”

तिथून पुढे ढावलो सुरू होते, मी सांगितलं.